‘नोंद आढळून येत नाही’ असं उत्तर येतं तेव्हा: आजोबा-पणजोबांची जन्म-मृत्यू नोंद शोधताना काय तपासायचं

लक्षणं

वंशावळ लिहायला घेतली, आई-वडिलांच्या पिढीपर्यंत दाखले मिळाले आणि त्यामागे गाडी अडली, तर खालीलपैकी एक तरी अनुभव येतोच:

- ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत संगणकात नाव टाकून पाहतात आणि तोंडीच सांगतात, ‘नोंद नाही.’
- ‘जुनं दप्तर तहसीलला गेलं’ म्हणून तिकडे पाठवतात, आणि तहसीलमधून पुन्हा ग्रामपंचायतीकडे.
- ‘तुम्ही वारस आहात का? नसाल तर देता येत नाही.’
- वही सापडते, तारीख जुळते, पण नावाचा रकाना रिकामा असतो. नुसतंच ‘मुलगा’ लिहिलेलं असतं.
- पान मिळतं, पण मोडीत किंवा उर्दूत असल्यामुळे वाचता येत नाही.

पाचही ठिकाणी बिघाड बहुधा एकाच जातीचा असतो. चुकीचं वर्ष, चुकीचं गाव, चुकीचं नाव किंवा चुकीची वही. नोंद खरोखर नष्ट झाली, असं कमी वेळा निघतं. आणि पाहण्याचा हक्कच नाही, असं तर फारच क्वचित. म्हणून खालचा क्रम सोडू नका. फुकटातल्या तपासण्या आधी आहेत, पैसे आणि हेलपाटे लागणाऱ्या नंतर.

१. घरच्या घरी: तारीख तपासा

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती जन्मतारीख धरूच नका. मुलाला शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहीत, आणि वय अंदाजे धरत. कधी शाळेत बसवण्यासाठी वय वाढवलेलं असतं, कधी पुढे नोकरीला फायदा व्हावा म्हणून घटवलेलं. अशा वेळी आधी तीन वर्षं आणि नंतर तीन वर्षं असा शोध ठेवावा लागतो.

घरात जन्मपत्रिका किंवा बाडाच्या मागच्या पानावर तिथी लिहिलेली असेल, तर शकाचं वर्ष नीट बदलून घ्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषाचा उत्तरार्ध, माघ आणि फाल्गुन बहुतेक जानेवारी ते मार्चमध्ये येतात, तेव्हा ७९ मिळवायचे. शके १८५४ चा माघ म्हणजे १९३२ नव्हे, १९३३. या एका वर्षाच्या चुकीने वही बदलते.

मराठवाड्यात, म्हणजे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या भागात, कागदांवर फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, असतो. तिथलं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्यापासून चालू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० मिळवा, जानेवारी ते सप्टेंबरसाठी ५९१. फसली १३४५ म्हणजे ऑक्टोबर १९३५ ते ऑक्टोबर १९३६.

हे सगळं आधी का करायचं? जन्म-मृत्यूच्या नोंदीचा शोध घेण्याचं शुल्क वर्षागणिक लागतं. शिवाय कारकून मागितलेलंच वर्ष पाहतो. ‘१९३२’ लिहून दिलंत तर १९३३ ची वही कोणी उघडत नाही, आणि उत्तर अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ येतं.

आणखी एक: जुन्या वह्या घटनेच्या नव्हे, नोंद केल्याच्या तारखेच्या क्रमाने चालतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला जन्म पुढच्या वर्षाच्या वहीत जानेवारीत सापडू शकतो. मागणी करताना पुढचे दोन महिने धरायला विसरू नका.

२. घरच्या घरी: गाव तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. नोंद होते ती घटना जिथे घडली तिथे. राहतं घर कुठलं, याचा तिच्याशी संबंध नसतो.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. म्हणजे थोरल्या मुलाची किंवा मुलीची नोंद आजीच्या माहेरच्या गावात शोधायची, आजोबांच्या गावात नाही. आजीचं माहेर कुठलं हे घरात कुणालाच सांगता येत नाही, असं फार घरांत होतं. म्हणून कुठल्याही कचेरीत जाण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा: पणजीचं माहेर, तिच्या भावांचं आडनाव, आणि तिथली जत्रा कुठल्या देवाची. देवावरून गाव सापडतं. मृत्यूचंही तसंच. गिरणीत कामाला गेलेला माणूस मुंबईत वारला असेल तर नोंद मुंबई महापालिकेत, आणि आजारी पडून गावी आला असेल तर गावात.

गाव ठरल्यावर ते तेव्हा कुठल्या तालुक्यात आणि जिल्ह्यात होतं ते पाहा. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १९८१ चे, लातूर आणि गडचिरोली १९८२ चे, नंदुरबार आणि वाशिम १९९८ चे, हिंगोली आणि गोंदिया १९९९ चे, पालघर २०१४ चा. जिल्हा फुटला म्हणून जुन्या अभिलेखांचे सगळेच गठ्ठे नव्या जागी गेले असतील असं नाही. सावंतवाडीकडचा कागद रत्नागिरीत किंवा हिंगोलीकडचा परभणीत विचारायला लाजू नका. मुंबईच्या उपनगरांतली गावं १९५० आणि १९५७ मध्ये महापालिकेत आली, त्याआधीची तिथली नोंद महापालिकेच्या वहीत शोधून उपयोग नाही. बेळगाव, कारवार, विजापूर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, पण त्यांची दप्तरं आज कर्नाटकातल्या कचेऱ्यांत विचारायची.

वाडीचं नाव आणि महसुली गावाचं नाव वेगळं असतं. वही महसुली गावाच्या, म्हणजे मौज्याच्या नावाने बांधलेली असते. तुमच्या तोंडी असलेलं नाव वाडीचं असेल तर जुन्या सातबाऱ्यावर मौजे कोणतं आहे ते पाहून घ्या. धरणाखाली गेलेल्या गावाच्या बाबतीत पुनर्वसित गावठाण ज्या तालुक्यात आहे आणि मूळ गाव ज्या तालुक्यात होतं, अशा दोन्ही ठिकाणी विचारा.

३. घरच्या घरी: नाव तपासा

जन्माची वर्दी बारशाआधीच दिली जाई, त्यामुळे बाळाच्या नावाचा रकाना रिकामा राहिला. ही चूक नाही, तेव्हाची नेहमीची पद्धत आहे. म्हणून बाळाच्या नावाने नव्हे, बापाच्या नावाने आणि लिंगाने शोध मागा: ‘सखाराम यांना मुलगा’. बहीण-भावंडांची वर्षं माहीत असतील तर तीही द्या. एकाच बापाच्या तीन नोंदी सापडल्या की त्यातली आपली कोणती हे अंतरावरून ओळखता येतं.

आडनावाचा भरवसा धरू नका. आज ‘-कर’ लावणारं घराणं जुन्या वहीत जातीच्या, धंद्याच्या किंवा नुसत्या वडिलांच्या नावाने असतं. ‘राणू बिन सखू’ म्हणजे सखूचा मुलगा राणू, इथे सखू हे पुरुषाचं नाव आहे. ‘वलद’चाही अर्थ तोच. बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘जवजे’ आलं तर पुढचं नाव नवऱ्याचं. हे शब्द माहीत नसले की माणसं बिन आणि कोम हीच नावं समजून बसतात आणि समोरची नोंद सोडून देतात.

४. फुकट: जिल्ह्याच्या संकेतस्थळावरची पानं

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्या कामात तहसील, भूमी अभिलेख, शाळा अशा ठिकाणची जुनी कागदपत्रं तपासली गेली आणि सापडलेल्या नोंदींची पानं बऱ्याच जिल्ह्यांनी तालुका-गावनिहाय संकेतस्थळावर टाकली. तुमचं कुटुंब कुठल्याही जातीचं असलं तरी ही पानं पाहा. एका पानावर सगळ्या गावाच्या नोंदी असतात. तिथे तुमच्या गावाची जन्म-मृत्यूची वही दिसली, तर ती कचेरीत शाबूत आहे हे कळतं, आणि वहीचं नाव व वर्ष हाती येतं.

मात्र तिथे न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. ती पानं एका विशिष्ट शोधासाठी निवडलेली आहेत. अख्ख्या वह्या तिथे नाहीत. केंद्राच्या सीआरएस पोर्टलचंही, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीच्या संकेतस्थळाचंही, तेच. जुन्या हस्तलिखित वह्यांतलं फारच थोडं संगणकात आलेलं आहे, त्यामुळे संगणकातून मिळालेल्या ‘नाही’ला जुन्या नोंदीच्या बाबतीत काही किंमत देऊ नका.

५. थोडे पैसे: कलम १७ खाली लेखी अर्ज

जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. त्याचं कलम १७ सांगतं की कोणतीही व्यक्ती, शुल्क भरून, निबंधकाकडून (जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडून) वहीतल्या नोंदीचा शोध करवून घेऊ शकते आणि त्या जन्माचा किंवा मृत्यूचा दाखला घेऊ शकते. ‘कोणतीही व्यक्ती’. वारस असण्याची अट त्यात नाही. काही देशांत जन्माची नोंद शंभर वर्षं बंद ठेवतात, तशी मुदतही आपल्या कायद्यात नाही. एकच गोष्ट रोखलेली आहे: मृत्यूचं कारण दाखल्यात उघड करता येत नाही. ते मागून वाद घालण्यात अर्थ नाही.

‘वारस आहात का’ हा प्रश्न येतो कुठून? कलम १२ खाली नोंद झाल्यावर वर्दी देणाऱ्याला विनाशुल्क दाखला मिळतो. हा नियम आणि शोधाचा नियम यांची गल्लत होते. भांडू नका. अर्जाच्या विषयातच लिहा: ‘कलम १७ अन्वये नोंदीचा शोध व दाखला मिळणेबाबत’. खाली मौजे, बापाचं नाव (आणि शक्य तितकी त्याची वेगळी रूपं), लिंग, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, आणि शेवटी हे वाक्य: ‘नोंद न आढळल्यास शोधलेल्या वर्षांचा उल्लेख करून अनुपलब्धता प्रमाणपत्र, नमुना १०, द्यावे.’ अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

हे शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. तोंडी ‘नाही’ला वही न उघडताही चालतं. लेखी ‘नाही’वर सही करायची तर वही उघडावी लागते. पुष्कळदा नोंद तिथेच सापडते.

अर्ज कुठे? गावात ग्रामसेवकाकडे (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी), शहरात नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात, मुंबईत ज्या विभागात घटना घडली त्या विभाग कार्यालयाच्या आरोग्य खात्यात.

दाखल्यात काय येणार नाही हेही आधी समजून घ्या. जात, धर्म, शिक्षण, धंदा यांतलं काही त्यावर नसतं. सध्याच्या वर्दीच्या अर्जाचे दोन भाग असतात. कायदेशीर भाग वहीत राहतो, सांख्यिकी भाग आकडेवारीसाठी वर जातो. जुन्या महसुली वहीत मात्र जातीचा रकाना असे. म्हणून १९७० च्या आधीची नोंद मिळाली तर नव्याने टंकलेला दाखला घेऊन थांबू नका, मूळ पानाची प्रमाणित प्रत मागा.

६. हेलपाटे: तहसीलचा अभिलेख कक्ष

अधिनियमाआधीच्या गाववह्या महसुली दप्तरात असत. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात, कागदावर ती ‘गाव नमुना १४’ म्हणून येते. इथे एक खड्डा आहे आणि त्यात जवळपास प्रत्येक जण पडतो. आजच्या तलाठी दप्तरात गाव नमुना १४ म्हणजे पाणीपुरवठ्याच्या साधनांची नोंदवही. नुसतं ‘नमुना १४ द्या’ म्हटलंत तर तलाठी विहिरींची यादी दाखवेल किंवा ‘त्यात जन्म-मृत्यू नसतात’ म्हणेल, आणि त्याच्या जागी तो बरोबर असेल. अर्जात पूर्ण लिहा: ‘जन्म-मृत्यू नोंदवही (जुना गाव नमुना १४ / कोतवाल बुक), मौजे अमुक, सन अमुक ते अमुक’.

अर्ज तहसीलदारांच्या नावे, नकलेसाठी. आत गेल्यावर आधी फेरिस्त दाखवायची विनंती करा. फेरिस्त म्हणजे कुठल्या गावाचं कुठलं दप्तर कुठल्या गठ्ठ्यात आहे त्याची यादी. फेरिस्तीत वही असेल तर ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर टिकत नाही. फेरिस्तीतच नसेल तर तिथे महिनाभर चकरा मारण्यापेक्षा पुढच्या तपासणीला लागलेलं बरं.

वही समोर आली तर तिला जपा. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका, दुमडलेला कोपरा सरळ करू नका, चिकटलेली पानं सोडवू नका. परवानगी असेल तर फ्लॅश न वापरता पूर्ण पानाचा फोटो घ्या. हवी ती ओळच नको, वरचे रकान्यांचे मथळे आणि वहीचं पहिलं पानही हवं. मथळ्याशिवाय ओळीचा अर्थ लागत नाही.

७. तरी अडलं तर: माहितीचा अधिकार

आधी कलम १७, मग हा मार्ग. उलट केलंत तर ‘विहित शुल्क भरून दाखला घ्या’ एवढंच उत्तर येतं आणि तीस दिवस जातात.

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप चालतो. कारण सांगावं लागत नाही. ‘नोंद का नाही’ असं विचारू नका. कागद मागा: अमुक गावाच्या वह्यांच्या फेरिस्तीची प्रत, वही वर्ग केल्याच्या पत्राची प्रत, नष्ट केली असेल तर नष्ट केल्याच्या आदेशाची प्रत. आणि वहीचं प्रत्यक्ष निरीक्षण. पहिल्या तासाला शुल्क नाही. वही दुसऱ्या कचेरीत असेल तर कलम ६(३) खाली पाच दिवसांत तुमचा अर्ज तिकडे पाठवणं त्यांचं काम आहे. ग्रामपंचायत आणि तहसील यांच्यामधली टोलवाटोलवी याने थांबते.

‘वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही’ असं उत्तर आलं तर कलम ८(३) दाखवा. अर्जाच्या तारखेच्या वीस वर्षं आधी घडून गेलेल्या घटनेची माहिती देण्याला वैयक्तिक माहितीचा अपवाद आड येत नाही. आड येतात ती फक्त देशाची सुरक्षा, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद. पणजोबांच्या मृत्यूला यातलं काही लागू होत नाही. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा चुकीचं आलं, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

८. पान मिळालं, वाचता येत नाही

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, शब्द तोडलेले नसतात, शिरोरेघ आधी आखून अक्षरं तिला लटकवलेली असतात. त्यामुळे देवनागरीच्या सवयीने नाव ‘ओळखल्यासारखं’ वाटणं धोक्याचं आहे. एकच नाव दोन-तीन तऱ्हांनी लागू शकतं. वाचणाऱ्याला आधी आपल्याला हवं असलेलं आडनाव सांगू नका. न सांगता तेच वाचलं गेलं तर खरं. पानावरच्या शेजारच्या दोन-तीन ओळीही वाचून घ्या, म्हणजे त्या लेखनिकाचं वळण कळतं.

राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची मुंबई, पुणे, कोल्हापूर इथे कार्यालयं आहेत, तिथे मोडी जाणणाऱ्यांची माहिती मिळू शकते आणि मोडीचे वर्गही होतात. दोन-चार पानांसाठी वाचक गाठा. वीस-पंचवीस पानं असतील तर शिकून घेणं स्वस्त पडतं.

९. वही खरोखर नाहीच

मग त्याच माणसाची नोंद दुसऱ्या कामासाठी कुठे झाली ते पाहायचं. जमीन असेल तर वारसाची नोंद पहिली: गाव नमुना ६क आणि त्यावरून झालेला फेरफार. त्यात मयताचं नाव, बहुधा मृत्यूची तारीख, आणि मुलगे, मुली, विधवा अशी वारसांची यादी एका ठिकाणी मिळते. वंशावळीच्या दृष्टीने हा कागद मृत्यूच्या दाखल्याहूनही श्रीमंत आहे. ज्या मुलींची नावं घरात विसरली गेली त्या इथे सापडू शकतात. शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही दुसरी. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आडनाव आणि गाव सांगितलं की घराण्याची पानं उघडतात, आणि कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी पिढ्यान्‌पिढ्या वंशावळ राखत आले आहेत. कचेरीत या वह्यांना दाखल्याचं वजन नाही, पण नावांचा क्रम लावायला त्या फार उपयोगी पडतात.

गोव्यातल्या कुटुंबांनी हा सगळा क्रम तसाच लावू नये. तिथल्या पोर्तुगीज काळच्या नागरी नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत आणि त्यांची चौकशी तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे करायची. जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्यांसाठी चर्च आणि पणजीचं पुराभिलेख संचालनालय.

कुठे थांबायचं

- नोंद सापडली नाही म्हणून पूर्वजाची विलंबित नोंद करून घ्यायला जाऊ नका. एक वर्षानंतरच्या नोंदीला जिल्हाधिकारी, उपविभागीय किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, पुरावा लागतो, आणि महाराष्ट्रात अलीकडे या नोंदींची छाननी कडक झाली आहे. नुसत्या वंशावळीसाठी अनुपलब्धता प्रमाणपत्र पुरेसं आहे. मालमत्ता किंवा नागरिकत्वासाठी नोंद लागणारच असेल तर आधी वकील गाठा.
- दाखल्यावरचं नाव चुकलं असेल तर स्वतः खाडाखोड नाहीच. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ खाली निबंधक समासात दुरुस्ती करतो, मूळ नोंद तशीच राहते.
- कागद जात पडताळणीसाठी वापरायचा असेल तर मोडीचं घरगुती वाचन जोडू नका. तिथे वाचनावर आक्षेप येतो. अधिकृत लिप्यंतर आणि अनुभवी वकील, दोन्ही घ्या.
- घरातला जुना कागद तुटत असेल तर लॅमिनेशन आणि चिकटपट्टी दोन्ही टाळा. प्लॅस्टिक नंतर निघत नाही. पुराभिलेखातल्या कागद-जतन करणाऱ्याला विचारा.
- कुणी ‘पैसे द्या, नोंद काढून देतो’ म्हणालं तर तिथेच उठा. जुन्या वहीत नवी ओळ शाईवरून आणि क्रमांकावरून उघडी पडते, आणि गुन्ह्यात अर्जदाराचं नाव पहिलं येतं.